तार तुटली तर किती वेळ चालेल? सर्व्हर, क्लाउड आणि पुढची सात वर्षं

कुंडलिकाकाठ (जालना)

नमस्कार मंडळी,

जालना एमआयडीसीतल्या एका सळई कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग मी बघतो. सोबत दोन तरुण आहेत. भंगार वितळवायची भट्टी, बिलेट (ओतीव लोखंडी ठोकळे), रोलिंग, वजनकाटा, डिस्पॅच, हिशोब, पगार हा सगळा पसारा दोन सर्व्हरवर चालतो. ते २०१८ साली घेतलेले. देखभालीचा वार्षिक करार असलेल्या एएमसीवाल्याने यंदा स्पष्ट सांगितलं की पुढच्या वर्षीपासून सुटे भाग मिळतीलच असं नाही. मालकांनी बोलावून विचारलं, "पुढच्या सात वर्षांचं सांग. परत सर्व्हरचं लोखंड विकत घ्यायचं का सगळं भाड्याने?"

तीन कोटेशनं आली. एकाने नवे सर्व्हर सुचवले, दुसऱ्याने सगळं मुंबईच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर न्या म्हटलं, तिसऱ्याने निम्मं इथे, निम्मं तिथे. तिघांनीही किंमत नीट लिहिली आहे, पण माझ्या मनातला प्रश्न एकाच्याही कागदावर नाही.

मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. दुपारी साडेबारा ते संध्याकाळी सात. बिलिंग आमच्याच सर्व्हरवर, आमच्याच खोलीत. तरी ११ भरलेल्या गाड्या गेटच्या आत उभ्या राहिल्या. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतं. सरकारी पोर्टलवरून नंबर आल्याशिवाय बिल ग्राह्य नाही, आणि ई-वे बिलाशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कशाबशा चार गाड्या काढल्या. मोबाइलला रेंज पूर्ण होती, पण नेट पुढे सरकत नव्हतं. एका ड्रायव्हरला रात्रीतून आदिलाबाद गाठायचं होतं. तो सात वाजेपर्यंत केबिनमध्ये बसून होता. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

सर्व्हर आपल्या खोलीत आहे म्हणजे काम आपल्या हातात आहे, हा माझा समज त्या दिवशी गेला. मग मालकांना काय सांगू? मोठ्या कंपन्या, बँका, दवाखाने हे पुढे कसं मांडणार आहेत? आणि त्यातलं आपल्याकडे काय टिकेल? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

*

बिंदुसरा (मूळ बीड, सध्या पुणे)

दादा, मी १२ वर्षं क्लाउडवरच काम करतोय. चार-पाच वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं असतं तर डोळे मिटून "सगळं वर न्या" म्हणालो असतो. आज म्हणणार नाही.

ॲमेझॉनची एस-थ्री ही भाड्याने डेटा साठवायची सेवा २००६ला आली. भारतात मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ला आणि ॲमेझॉनचं मुंबईचं २०१६ला सुरू झालं. त्यानंतर बरीच वर्षं एकच वारं होतं. पण बिलं आली, तसं लोक हिशोब मांडायला लागले. ३७सिग्नल्स नावाच्या अमेरिकन कंपनीचं २०२२चं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी सुमारे ७ लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि बरंचसं काम बाहेर काढलं. त्यांचं काम वर्षभर एकसारखं चालणारं होतं, म्हणून त्यांना ते परवडलं. हीच गोष्ट सणासुदीला दहापट गर्दी होणाऱ्या दुकानाने केली असती तर ते बुडालं असतं.

आपल्याकडे सोयाबीन काढायला हार्वेस्टर भाड्याने येतं, पंजाबातून येतं, आठ दिवसांत जातं. ते कोणी विकत घेत नाही. रोजच्या पेरणी-पाळीला मात्र घरचा ट्रॅक्टर लागतो. तुमची भट्टी रोज चालते, वजनकाटा रोज चालतो. वर्षअखेरचा हिशोब, जुने बॅकअप, एखादं जड विश्लेषण हे अधूनमधून येणारं काम. ते भाड्याने घ्या.

पुढचा कल मला असा दिसतोय की क्लाउडवाले स्वतःच पेटी घेऊन तुमच्या आवारात यायला लागलेत. ॲमेझॉनचं आउटपोस्ट्स २०१९ला आलं. मायक्रोसॉफ्टचं ॲझ्यूर लोकल आहे, गुगलचं डिस्ट्रिब्युटेड क्लाउड आहे. हार्डवेअर तुमच्या खोलीत आणि चालवायची पद्धत त्यांची. मात्र इथे एक प्रश्न जरूर विचारा: वरची जोडणी तुटली तर ही पेटी काय काय करू शकते? आउटपोस्ट्सला मूळ रीजनशी, म्हणजे ॲमेझॉनच्या मोठ्या केंद्राशी, जोडणी लागतेच. गुगलच्या एका प्रकाराला अजिबात लागत नाही. कोटेशनमध्ये दोन्हींना हायब्रीडच (निम्मं इथे, निम्मं तिथे) म्हणतात.

*

तारवाला (धाराशिव)

मी फायबर टाकायचं आणि जोडायचं काम करतो, १५ वर्षं झाली. सर्व्हरमधलं मला कळत नाही, खड्ड्यातलं कळतं.

कुंडलिकाकाठ दादा, तुमचं हॉटस्पॉट का रांगत होतं ते सांगतो. मोबाइलचा टॉवर हवेतून तुमच्याशी बोलतो, पण टॉवरच्या मागं फायबरच असते. तीच तुटली की टॉवर रेडिओ लिंकवर नाहीतर लांबच्या फेऱ्यानं चालतो. मोबाइलवर काड्या पूर्ण दिसत्यात, मागची वाट मात्र पायवाट झालेली असते. त्यात सगळा गाव त्याच टॉवरवर येतो.

दुसरं. मोठमोठी हापिसं दोन कंपन्यांची लाइन घेत्यात आणि निर्धास्त होत्यात. मी किती ठिकाणी बघितलंय की दोन्ही कंपन्यांची केबल एकाच चरात, एकाच बाजूनं, कधी कधी एकाच पाइपात असते. बिलं दोन येत्यात, जेसीबीला एकच चर लागतो. लाइन घेताना कंपनीला रूट मॅप मागा. चौकापासून आवारापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा. एक लाइन गेटमधून येत असेल तर दुसरी मागच्या भिंतीकडून आणा. खर्च थोडा वाढतो, पण बाकी सगळ्याच्या आधी हे करा.

आणि मधल्या ठिकाणची बॅटरी. ज्या खोलीत तुमच्या लाइनचा स्विच बसवलाय तिथं वीज गेली तर किती तास चालतं? लोक आपलं यूपीएस बघत्यात, तिथलं कोणी विचारत नाही. मराठवाड्यात लाइन जितकी खणण्यानं बंद पडते तितकीच विजेनं पडते, हे माझ्या अनुभवाचं सांगायलोय.

*

गोदातीर (नांदेड)

मी एका नागरी सहकारी बँकेत आयटी बघते.

तारवाला भाऊंनी जमिनीतल्या वाटेचं सांगितलं, मी तिच्या पलीकडचं सांगते. लहान बँकांनी स्वतःचं डेटा सेंटर बांधणं परवडत नाही, म्हणून कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचं मुख्य सॉफ्टवेअर, सामायिक सेवेवर असतं. एक सेवा कंपनी, तिच्यावर कित्येक बँका. ३१ जुलै २०२४ला अशाच एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं वेगळं केलं. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. दुसऱ्या दिवशी सुरू झालं. आमची बँक त्यात नव्हती. तरीही त्या संध्याकाळी आमच्या शाखांमध्ये म्हातारी माणसं पासबुक घेऊन आली, पैसे आहेत ना विचारायला. एका आजीबाईंना मी स्वतः स्क्रीन वळवून शिल्लक दाखवली.

तेव्हापासून मी प्रत्येक करारात दोन गोष्टी शोधते. पहिली, आपल्यासोबत त्याच छताखाली कोण कोण आहे. दुसरी, सोडून जायचं झालं तर कसं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत बाहेर पडण्याची योजना लेखी ठेवायला सांगितली आहे. ते मोठ्या नागरी बँकांना लागू आहेत, पण लहानांनीही वाचावेत. आमचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत मिळेल, त्या काळात सेवा चालू राहील का, हे लिहून घेतल्याशिवाय आता मी सही पुढे पाठवत नाही.

बाहेर पडणं पूर्वीपेक्षा सोपं होतंय, हेही खरं. २०२४च्या सुरुवातीला गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ केलं. पण शुल्क हा सगळ्यात लहान अडसर. तुम्ही त्यांच्याच खास डेटाबेसवर, निरोप पोचवणाऱ्या त्यांच्याच खास सेवांवर सॉफ्टवेअर बांधलं असेल तर माफीचा काय उपयोग? सॉफ्टवेअर पुन्हा लिहावं लागतं.

*

मांजराकाठ (लातूर)

मी लातूरच्या एका दवाखान्याची व्यवस्था पाहतो. वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन.

आमच्याकडे सीटी स्कॅनचा एक अभ्यास काहीशे एमबीचा होतो. रात्री दोन वाजता अपघाताचा रुग्ण येतो तेव्हा डॉक्टरांना तो फोटो त्याच क्षणी समोर लागतो. म्हणून ताज्या काही महिन्यांच्या प्रतिमा दवाखान्यातल्याच सर्व्हरवर आणि जुन्या क्लाउडवर, अशी विभागणी आम्ही तीन वर्षांपूर्वी केली. लाइन गेली तरी चालू रुग्णाचं काम अडत नाही. पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे हवा असेल तर थांबावं लागतं, तेवढं चालतं. कोणतं काम किती वेळ थांबू शकतं याची यादी आम्ही सिस्टर आणि रेडिओलॉजीच्या तंत्रज्ञांना बसवून केली. सुरुवातीला मी एकट्यानेच केली होती आणि ती चुकीची निघाली. मी बिलिंगला सगळ्यात वर ठेवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, आधी रक्तपेढीची नोंद.

दुसरी गोष्ट जरा जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. किल्लारीचा भूकंप. सुमारे १० हजार माणसं गेली. मी तेव्हा तरुण होतो, मदतीला गेलो होतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या वेळच्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२च्या सुधारित नकाशातून पहिला झोनच काढून टाकला. आज कोणी विक्रेता येऊन म्हणतो की आमचं दुसरं केंद्र सुरक्षित भागात आहे, तेव्हा मी सुरक्षित शब्दावर थांबत नाही. मी विचारतो, दोन्ही केंद्रं एकाच वेळी जातील असं काय काय होऊ शकतं? मुंबई आणि पुण्यात अंतर किती, दोन्हीकडची वीज कुठून येते, चालवणारी माणसं एकच आहेत का? लातूर-नांदेडला हैदराबाद जवळ आहे. एक प्रत तिकडे ठेवणं आम्हाला पटलं.

*

बिंदुसरा (मूळ बीड, सध्या पुणे)

काका, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ॲमेझॉनने हैदराबादचं केंद्र २०२२च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केलं, त्यामुळे देशाबाहेर न जाता दुसरी प्रत ठेवायची सोय झाली. अंतराची चिंता लोक उगाच करतात. प्रकाश तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ५०० किलोमीटर जाऊन यायला ५ मिलिसेकंद. अडचण वाटेची आहे. नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत, पण इंटरनेट कंपनीची जोडणी मुंबईतून असेल तर डेटाचं पाकीट आधी मुंबईला जाऊन मग हैदराबादला येतं. लाइन घेण्याआधी ट्रेसराउट (डेटा कोणत्या वाटेने जातो ते दाखवणारी कमांड) करून बघा.

"चालवणारी माणसं एकच आहेत का" यावरही उदाहरण देतो. मे २०२४ला ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगलवरची खाजगी मांडणी एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच खात्यात होत्या. सावरायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअपही कामी आला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर, हा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे. त्यात आता "एक वेगळ्या मालकाकडे, वेगळ्या पासवर्डाखाली" हे धरायलाच हवं.

*

सोसायटी_सचिव (परभणी जिल्हा)

आम्ही गावच्या विविध कार्यकारी सोसायटीवाले. केंद्राने जून २०२२ला ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २५१६ कोटींची योजना. सगळ्या देशाला एकच सॉफ्टवेअर, क्लाउडवर. चांगलं आहे. पूर्वी वही एका कपाटात असायची, ती कोणी बदलली तरी कळत नव्हतं. आता व्यवहार वर दिसतो.

पण खरीप कर्जवाटपाच्या दिवसात नेट गेलं की माणसं पायरीवर बसून राहतात. वीस किलोमीटरवरून आलेली असतात, मजुरी बुडवून. मी जुन्या सवयीने कागदावर नोंद करून ठेवतो आणि रात्री घरी रेंज आली की भरतो. तुम्ही शिकलेले लोक सॉफ्टवेअर बनवता तेव्हा हे ध्यानात घ्या एवढंच म्हणणं आहे. मशिनीने नोंद घेऊन ठेवावी, नेट आलं की आपोआप वर जावी. एवढं झालं तरी आमचं निम्मं दुःख जाईल.

*

गोदातीर (नांदेड)

सचिव साहेब, तुम्ही जे मागताय त्यावरच पुढची पाच वर्षं काम होणार आहे. आधी स्थानिक नोंद, मग जोडणी आली की मिळवणी. अडचण पैशाच्या व्यवहारात येते: एकाच खात्यातून दोन ठिकाणी दोन नोंदी झाल्या तर कोणती खरी? म्हणून बँकेत रोख काढायला जोडणी लागणारच. पण अर्ज घेणं, कागद तपासणं, हप्त्याची पावती देणं याला तत्क्षणी जोडणीची गरज नाही. कामाचे असे दोन भाग करून सॉफ्टवेअर बनवलं पाहिजे, आणि हे विक्रेत्याला सांगायला आपल्यासारखी माणसं बैठकीला असली पाहिजेत. बैठका शहरात होतात, पायरीवर बसलेल्या माणसाला कोणी बोलावत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

*

पूर्णाकाठचा (हिंगोली)

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नांदेडला. सगळ्यांचं वाचून एक विचारायचं होतं. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ला २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असणार. अशा यंत्राच्या मुख्य वाहिनीवर सेकंदाला १६,३८४ नोंदी होतात, शिवाय सोबतच्या हजारो वाहिन्या. आरशांचं नियंत्रण तर जागेवरच झालं पाहिजे, क्लाउडला विचारून होणार नाही. म्हणजे इतकं मोठं विज्ञानसुद्धा आधी जागेवर आणि मग दूर, असंच चालणार. मग आम्ही शिकायचं काय? कॉलेजमध्ये सगळे क्लाउडचं एखादं सर्टिफिकेट करायलेत. आणि घरी राहून हे काम मिळेल का?

*

बिंदुसरा (मूळ बीड, सध्या पुणे)

सर्टिफिकेट कर, पण त्याआधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर. कंपन्यांची नावं बदलतात, परवाने बदलतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ला व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं. जगभरचे लोक प्रॉक्समॉक्ससारखे मुक्त पर्याय शिकायला लागले. सर्व्हरची मांडणी फाइलमध्ये लिहायचं टेराफॉर्म नावाचं साधन आहे, त्याचा परवाना ऑगस्ट २०२३ला बदलला, त्यातून ओपनटोफू हा मुक्त पर्याय निघाला. ज्यांना खालचं कळत होतं त्यांना फार फरक पडला नाही. ज्यांना फक्त बटणं माहीत होती त्यांची धांदल उडाली.

मांडणी फाइलमध्ये लिहून ठेवायची पद्धत शिक. सर्व्हर जळाला तर त्या फाइलवरून दुसरा जसाच्या तसा उभा राहिला पाहिजे. अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून सांभाळणारं कुबरनेटीस शिक, त्याच्या लहान आवृत्त्या आता एका छोट्या पेटीवरही चालतात. कुंडलिकाकाठ दादांच्या कारखान्यात पुढे सळईचा पृष्ठभाग तपासणारे कॅमेरे बसतील. ते चित्रण दिवसभर वर पाठवणं परवडणार नाही. दोष ओळखणारं एआय मॉडेल शिकवायला जीपीयू (जड गणिताची खास चिप) भाड्याने घ्यायचा, सरकारच्या १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनमधून तो सवलतीत मिळू शकतो, आणि शिकलेलं मॉडेल भट्टीशेजारच्या पेटीत चालवायचं. ती पेटी बंद पडली तर पुण्याहून माणूस येईपर्यंत पाळी संपते. हिंगोली-जालन्यात राहून हे सांभाळणारा लागेल. ते काम वाढणार आहे, हे मी तुला उगाच धीर द्यायला म्हणत नाही.

*

तारवाला (धाराशिव)

पोराला माझ्याकडं सुट्टीत पाठवा. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटीचं अंतर मोजणारं यंत्र) लावून तुटलेली जागा मीटरमध्ये कशी काढायची ते शिकवतो.

*

मांजराकाठ (लातूर)

एक विषय राहिला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन-शेंद्र्याला मोठी डेटा सेंटरं आणा, अशी मागणी अधूनमधून होते. देशातली बरीचशी क्षमता नवी मुंबई-मुंबईकडे आहे, कारण समुद्राखालच्या केबल तिथे किनाऱ्याला लागतात. आपल्याकडे आल्यास आनंदच आहे. पण कूलिंगला पाणी कुठलं, हे आधी विचारा. एप्रिल २०१६ला मिरजेहून ३४२ किलोमीटरवरून आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीत ५ लाख लीटर. त्या रांगेत मी घागर घेऊन उभा होतो. बाष्पीभवनावर चालणारं कूलिंग आणि बंद चक्रात तेच पाणी फिरवणारं कूलिंग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याला वीज जास्त लागते. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, पाणी नाही. त्यामुळे करारातच हे लिहून घ्यावं.

*

गोदातीर (नांदेड)

सहमत. आणि कुंडलिकाकाठ सर, मालकांना एक कायद्याची बाजूही सांगा. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ला आले, टप्प्याटप्प्याने लागू होतायत. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कामगारांचे आधार, बँक खाती, बोटांचे ठसे तुमच्याकडे असतीलच. ते कुठे आहेत, किती प्रती आहेत, याची यादी आत्ताच करा. क्लाउडवर ठेवलं तरी जबाबदारी तुमचीच राहते.

आणि एक विनंती. कोटेशन बाजूला ठेवा. एखाद्या रविवारी मालकांची परवानगी घेऊन स्वतःच तार काढा आणि काय काय थांबतं ते लिहून काढा. आम्ही वर्षातून दोनदा करतो. पहिल्या वेळी मला आदल्या रात्री झोप लागली नव्हती.

*

कुंडलिकाकाठ (जालना)

गोदातीर ताई, केलं.

काल रविवार, रोलिंग बंद होतं, भट्टी चालू. सकाळी दहाला मालक स्वतः येऊन उभे राहिले आणि फायबर काढली. तुम्हा सगळ्यांना लिहिल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

भट्टी आणि तिचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा नियंत्रक) चालू राहिला, त्यांचा बाहेर संबंधच नाही. धातूचं मिश्रण तपासणारा स्पेक्ट्रोमीटर चालू. वजनकाटा चालू, पण सात मिनिटांनी अडकला. काट्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक वजन आमच्या सर्व्हरवर लिहून लगेच एक प्रत क्लाउडवर पाठवायचा प्रयत्न करतं, आणि ती जाईपर्यंत पुढचं वजन घेत नाही. ही जोड मीच दोन वर्षांपूर्वी बॅकअप म्हणून घातली होती.

मग सर्व्हरच्या खोलीत गेलो, काट्याची ती सेवा थांबवायला. लॉगिन होईना. आम्ही ओळख-पासवर्डची व्यवस्था गेल्या वर्षी क्लाउडवर नेली, ईमेलसोबत. माझ्याच खोलीतला माझाच सर्व्हर मला आत घेईना. जुना स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत होता. तिजोरीची किल्ली अकाउंटंटकडे, आणि ते अंबडला लग्नाला. अकरा चाळीसला किल्ली आली.

४जी राउटर चाळीस सेकंदांत आपोआप सुरू झाला, पण व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी सुरक्षित जोडणी) जुन्या लाइनच्या पत्त्यावर बांधलेला असल्यामुळे उठला नाही. हजेरीचं मशीन ठसे घेत राहिलं, ते बरं आहे. टेबलावरचे फोन सगळे बंद, ते इंटरनेटवरच आहेत हे मालकांना आजवर माहीत नव्हतं.

दुपारी एकला तार परत लावली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती काम आपल्या हातात आहे ते आज बघितलं."

आज सकाळी बसून ठरवलं ते असं. भट्टी, काटा, डिस्पॅच यांच्यासाठी दोन लहान सर्व्हर इथेच, एक पडला तर दुसरा उचलेल असे. मोठे रॅक घेणार नाही. हिशोब, पगार, ईमेल क्लाउडवर. बॅकअपची एक प्रत वेगळ्या कंपनीकडे, हैदराबादला. काट्याची नोंद आधी इथे पक्की होईल, वरची प्रत मागून जाईल. सचिव साहेब, तुमचं वाक्य मी सॉफ्टवेअरवाल्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. स्थानिक लॉगिन कायम ठेवायचं आणि त्याचं पाकीट दोन माणसांकडे. ई-वे बिल एसएमएसने काढायची सोय पोर्टलवर आहे, त्याची नोंदणी आजच केली. ई-इन्व्हॉइसला मात्र जोडणी लागणारच, म्हणून दुसरी लाइन मागच्या भिंतीकडून. तिन्ही कोटेशनवाल्यांना एकच प्रश्न लेखी पाठवलाय: तार तुटली तर तुमच्या मांडणीत कोणतं काम किती वेळ चालेल, कामागणिक सांगा. एकाचं उत्तर आलंय, दोघांचं यायचंय.

पुढची चाचणी तीन महिन्यांनी, चालू पाळीत.

*

तारवाला (धाराशिव)

दादा, मागच्या भिंतीकडं डक्ट (केबलचा बंद पाइप) आहे का नुसती नाली, ते बघितल्याशिवाय लाइनची ऑर्डर देऊ नका. मी गुरुवारी अंबडला येणार आहे एका कामाला. संध्याकाळी तुमच्याकडं येऊन जातो, ओटीडीआर सोबत आहे.

*

कुंडलिकाकाठ (जालना)

या. गेटवर सांगून ठेवतो. सातच्या आत आलात तर उजेडात पूर्ण भिंत चालून बघू. पूर्णाकाठच्या भावाला सुट्टी असेल तर त्यालाही घेऊन या.